वीस वर्षांचें प्राचीन देऊळ

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडालगत, कोयनेच्या पलीकडे, मलकापूर नांवाचें आमचें गांव आहे. या नांवाचीं आणखीहि गांवें महाराष्ट्रांत असल्यामुळें हा खुलासा आरंभींच केलेला बरा. गांवाजवळ आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर महादेवाचें देऊळ असून अंगाखांद्यावर बौद्ध भिक्षूंसाठीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलीं साठांहून अधिक लेणीं आहेत. अडतीस वर्षें आम्हीं शाळामास्तरकी केली, तेवढ्या काळांत बहुतेक दरवर्षीं मुलांची एक तुकडी त्या लेण्यांत नेली, आणि प्रत्येक तुकडीस तेंच वाक्य ऐकविलें कीं, "मुलांनो, लांकूड कुजतें, माती विरते, दगडांत कोरलेलें तेवढें टिकतें." हें वाक्य असत्य नाहीं, परंतु तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें कळण्यास वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आम्हांस जपानांत जावें लागलें. तेथील इसे या क्षेत्रीं जें पाहिलें, आणि जें पाहतां आलें नाहीं, त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों. तीत थोडें घरगुतीहि येणार आहे; तेवढ्यापुरती क्षमा असावी.

प्रथम आमच्या घराविषयीं सांगितलें पाहिजे. तें आमच्या पणजोबांनीं बांधलेलें. मातीच्या जाड भिंती, तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब आणि वर कौलें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हां आम्ही नऊ वर्षांचे होतों. माजघराची मागची भिंत आमच्या डोळ्यांदेखत फाटली. आईनें आम्हां भावंडांस अंगणांत ओढून नेलें. वडील मात्र पुन्हा आंत गेले आणि देव्हाऱ्यांतले देव उपरण्यांत बांधून बाहेर आले. उजाडल्यावर त्यांनीं अंगणांतच, तुळशीवृंदावनाशेजारीं, पाटावर देव मांडले, आणि थंडींत कुडकुडत, रोजच्याप्रमाणें पुरुषसूक्त म्हणून पूजा केली. पुढें भिंत नव्यानें बांधली गेली, आणि भूकंपालाहि हार न गेलेलें घर म्हणून आम्हांस त्याचा मोठा अभिमान वाटूं लागला. अंगणांतली ती पूजा मात्र आम्ही हळूहळू विसरलों.

वडिलांचें अध्ययन घरच्या परंपरेचें. त्यांनींच आम्हांस समोर बसवून, एकेक ऋचा दहा दहा वेळां म्हणवून घेऊन, नित्यपूजेपुरतीं सूक्तें स्वरांसह शिकविलीं. मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकीच्या धंद्यांत पडलों, आणि परक्यांच्या मुलांस संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलें. आमचा मुलगा यंत्रविद्येकडे वळला. गेलीं बारा वर्षें तो जपानांत नागोया शहरीं नोकरीस आहे. चार वर्षांपूर्वीं तो घरीं आला असतां म्हणाला कीं, खांबांना तळाशीं वाळवी लागली आहे, बोट घातलें तर आंत जातें. घर उतरवून त्याच जागीं लहानसें पक्कें घर बांधावें. आम्हीं उत्तर दिलें, "आमच्या जिवांत जीव आहे तोंवर या घराचें कौलहि हलणार नाहीं." त्यानें पुन्हा तो विषय काढला नाहीं, परंतु त्यानंतर आमचें दूरध्वनीवरील बोलणें पाऊस आणि प्रकृति या दोनच विषयांवर येऊन थांबलें. पुढच्याच वर्षीं आमच्या पत्नीस देवाज्ञा झाली. एवढ्या मोठ्या घरांत आम्ही एकटे पूजा करीत असूं. म्हणणारा एक, आणि ऐकणारा कोणी नाहीं. तरीहि घर उभें आहे म्हणजे सर्व कांहीं उभें आहे, असेंच आम्ही समजत होतों.

२०२५ च्या नोव्हेंबरांत सूनबाईंनीं आग्रहानें बोलावून घेतलें. विमानप्रवास हल्लीं घरोघरचा झाला असल्यामुळें त्याच्या वर्णनांत वाचकांचा वेळ घेत नाहीं. नागोयाहून इसे येथें आगगाडीनें सुमारें दीड तासांत जातां येतें. गाडींत आमच्या शेजारीं दहा वर्षांची नात बसली होती. तिचा जन्म तिकडचा. मराठी चांगलें बोलते, पण एखादा शब्द अडला कीं जपानी शब्द बेधडक घालून पुढें जाते. आमची वाटाडी तीच.

इसे येथें एकच देऊळ नाहीं. लहानमोठीं १२५ देवस्थानें मिळून तें क्षेत्र झालें आहे. त्यांत मुख्य दोन. नाइकू म्हणजे आंतलें देवस्थान. तेथें सूर्यदेवता अमातेरासु ओमिकामि हिचें अधिष्ठान आहे. आपल्याकडे सूर्य पुरुष, तिकडे ती देवी; आणि जपानचें राजघराणें आपला वंश तिच्यापासून सांगतें. गेकू म्हणजे बाहेरचें देवस्थान. तेथें अन्नाची देवता तोयोउके ओमिकामि. प्रथम गेकूस आणि मग नाइकूस जावें असा तेथील शिरस्ता आहे. सूर्याच्या आधीं अन्नपूर्णेचा मान, हें आम्हांस मोठें समंजसपणाचें वाटलें.

गेकूच्या वाटेवर दोन उभे खांब व वर आडव्या तुळ्या अशी लांकडी कमान लागते. तिला तोरिइ म्हणतात. हा शब्द कानीं पडतांच आम्हीं त्याचें 'तोरण' या शब्दाशीं नातें जोडून टाकलें. पुढें पाण्याचें कुंड आलें. पळीनें पाणी घेऊन आधीं डावा हात धुवावयाचा, मग उजवा, मग ओंजळींत घेऊन चूळ भरावयाची. आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों, "हें तर आपलें आचमनच. आपल्याकडूनच इकडे आलेलें दिसतंय." नात म्हणाली, "आजोबा, देवाकडे जायच्या आधी हात धुवायला त्यांना कुणी शिकवायला कशाला पाहिजे?" अडतीस वर्षें वर्गांत मुलांस गप्प केलेल्या माणसावर स्वतः गप्प होण्याची वेळ आली. तिचें म्हणणें खरें होतें. बौद्ध धर्माबरोबर चीन व कोरियाच्या मार्गानें भारतांतून जपानांत पुष्कळ गेलें आहे. तेथील कांहीं बौद्ध मंदिरांत आजहि अग्नींत आहुति देतात व त्या विधीस 'गोमा', म्हणजे आपला होम, म्हणतात. सरस्वती तेथें बेंझाइतेन या नांवानें पूजिली जाते. आणि आपल्याकडे लुप्त झालेली सिद्धम् लिपि तेथील भिक्षूंनीं जतन केली आहे. परंतु इसेची उपासना शिंतो पंथाची, म्हणजे त्या भूमींतली. तोरणाचा तर्कहि कांहीं पंडितांनीं केलेला असला तरी तो सिद्ध झालेला नाहीं. जें आपल्यासारखें दिसेल तें आपलेंच, ही संवय परदेशीं गेल्यावर आवरावी लागते.

तथापि पुढें जें ऐकलें त्यानें आमच्यासारख्या संस्कृत पढलेल्या माणसाचें मन हेलावल्यावांचून राहिलें नाहीं. गेकूमध्यें सूर्यदेवतेस व इतर देवतांस दिवसांतून दोन वेळां, सकाळीं व सायंकाळीं, नैवेद्य दाखविला जातो. हा क्रम सुमारें १५०० वर्षांचा सांगतात. नैवेद्य शिजविण्याचा अग्नि रोज लांकडावर लांकूड घुसळून पाडतात. आमच्या यज्ञांतील अरणिमंथनाचीच ती जात. पाणी देवस्थानाच्या विहिरीचें, तांदूळ देवस्थानाच्या शेतांतला, मीठहि त्यांनींच समुद्राच्या पाण्यापासून काढलेलें. मासळी, भाज्या, फळें आणि तांदळाची दारू हेंहि ताटांत असतें. हे पदार्थ वाढण्याचीं मातीचीं भांडीं एकदांच वापरावयाचीं आणि मग फोडून मातीस मिळवावयाचीं. कित्येक शतकें रोज दोन वेळां, आणि जुनें भांडें मात्र एकहि शिल्लक नाहीं!

हा विचार मनांत घोळत असतांनाच आम्ही मुख्य देवळाशीं आलों. देऊळ उंच कुंपणांच्या आंत होतें. त्याच्या शेजारीं तेवढ्याच मापाची एक रिकामी जागा होती. पांढरे व काळे गोटे पसरलेले, आणि मधोमध एक लहानसें लांकडी खोपटें. आम्हीं मुलास विचारलें, "येथलें देऊळ पडलें काय?"

तो म्हणाला, "पडलं नाही, अण्णा. उतरवलं. वीस वर्षांनी या जागेवर पुन्हा उभं राहील आणि मग शेजारचं उतरवतील."

या विधीस शिकिनेन् सेंगू म्हणतात. सम्राज्ञी जितो हिच्या कारकीर्दींत, इ. स. ६९० मध्यें नाइकूचें असें पहिलें नवीकरण झालें. दर वीस वर्षांनीं शेजारच्या मोकळ्या जागेंत जुन्याबरहुकूम नवें देऊळ बांधतात, रात्रीच्या काळोखांत देवतेस समारंभानें नव्या घरीं नेतात, आणि जुनें उतरवितात. देऊळच नव्हे, देवतेचीं वस्त्रें, शस्त्रें, उपकरणें मिळून ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तु नव्यानें घडवितात. बासष्टावें नवीकरण २०१३ च्या ऑक्टोबरांत झालें. त्रेसष्टावें २०३३ सालीं व्हावयाचें असून त्याच्या विधींस २०२५ च्या मे महिन्यांतच आरंभ झाला. त्याच जूनमध्यें किसोच्या अरण्यांत पहिल्या वृक्षांची विधिपूर्वक तोड झाली. एका नवीकरणाला हिनोकी जातीचीं सुमारें दहा हजार झाडें लागतात असें सांगतात. म्हणून देवस्थानानें स्वतःच्या वनांत दोनशें वर्षांच्या बेतानें लागवड चालविली आहे. जो रोप लावतो त्याच्या नातवाच्या नातवालाहि त्याचा खांब दिसावयाचा नाहीं. आपल्याकडे जगन्नाथपुरीस कडुलिंबाच्या मूर्ति कांहीं वर्षांनीं, अधिक आषाढ आला असतां, नव्या करितात. २०१५ सालीं झालेलें नवकलेवर वाचकांस आठवत असेल. परंतु सबंध देऊळच नवें करावयाचें, ही गोष्ट आम्हांस अगदीं नवीन होती.

येथें आमच्यांतला मास्तर जागा झाला. खांब जर थेट जमिनींत पुरले, तर ते कुजणारच. आमच्याकडचा कोणताहि सुतार खांबाखालीं तळखडा ठेवतो. या लोकांस एवढेंहि ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें, आणि चांगलें ठाऊक होतें. जपानांतच होर्यूजी येथें बौद्ध मंदिर आहे. त्याचे खांब दगडावर ठेवलेले, वर कौलें घातलेलीं; आणि सुमारें १३०० वर्षें तें उभें आहे. आज जगांत उभ्या असलेल्या लांकडी इमारतींत तें सर्वांत जुनें मानतात. म्हणजे इसेच्या देवळास पहिल्यानें हा क्रम लागला त्याच काळांत त्या देशास टिकाऊ बांधणी साधलेली होती. तरीहि इसेच्या देवळाचे खांब मातींत पुरले गेले, छपर गवतानें शाकारलें गेलें, आणि लांकडास रंगाचा हातहि लागला नाहीं. टिकेल असें बांधावयाचें नाहीं, पुन्हा बांधतां येईल असें बांधावयाचें, ही निवड त्यांनीं समजून उमजून केली होती.

गेकूच्या आवारांत तळ्याकांठीं सेंगूकान नांवाचें संग्रहालय आहे. तेथें देवळाच्या एका भागाची खऱ्या मापाची प्रतिकृति उभी केलेली आहे, आणि प्रत्येक वस्तु कशी घडते हें क्रमानें मांडलेलें आहे. वीस वर्षेंच कां, याचीं कारणें निरनिराळीं सांगतात. त्यांतलें एक आमच्या मनांत रुतून बसलें. वीस वर्षांचा सुतार पहिल्या खेपेस शिकतो, चाळिसाव्या वर्षीं दुसऱ्या खेपेस स्वतः करतो, आणि साठाव्या वर्षीं तिसऱ्या खेपेस उभा राहून दुसऱ्यांकडून करवितो. एक खेप चुकली तर शिकविणारा आणि शिकणारा यांची गांठच पडावयाची नाहीं.

आम्ही तेथील बांकावर बसलों. आमच्या पूर्वजांनीं वेदांचें काय केलें, तर हेंच केलें. उच्चारलेला शब्द लांकडापेक्षांहि नाशवंत. तोंडांतून बाहेर पडला कीं संपला. तो टिकावा म्हणून त्यांनीं दगडावर कोरला नाहीं. पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून प्रत्येक पिढीकडून तो नव्यानें उभा करविला, आणि काना-मात्रेचा फरक न होतां तो आजपर्यंत आला. उलट, आगाशिवाच्या लेण्यांचा दगड जशाचा तसा आहे. पण ज्या वचनांसाठीं त्या खोल्या कोरल्या तीं वचनें म्हणणारा भिक्षु तेथें कित्येक शतकांत राहिलेला नाहीं. साठीची खेप आमचीहि येऊन गेली होती. आमच्या घरचें म्हणावें असें जें कांहीं होतें तें आम्हीं कोणास शिकविलें? बांकावरून उठतांना याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

परंपरा अखंड राहिली असेंहि कोणी समजूं नये. पंधराव्या शतकांत जपानांत यादवी माजली आणि दोन्ही देवळांचें नवीकरण शंभरांहून अधिक वर्षें बंद पडलें. सरदारांस लढायांतून फुरसत नव्हती. तेव्हां बौद्ध भिक्षुणींनीं गांवोगांव फिरून भिक्षा गोळा केली. त्यांपैकीं सेइजुन नांवाच्या भिक्षुणीच्या खटपटीनें १५६३ सालीं गेकूचें देऊळ पुन्हा नवें झालें, आणि १५८५ सालीं दोन्ही देवळें सिद्ध झालीं. पंथ निराळा, देव निराळा. पण तुटलेला दोर त्या बायांनीं जोडला. अलीकडे, दुसऱ्या महायुद्धांतील पराभवामुळें १९४९ सालचें नवीकरण पुढें ढकलावें लागलें. सरकारी पैसा बंद झाला होता. शेवटीं लोकवर्गणीवर तें १९५३ सालीं पार पडलें. मात्र नाइकूच्या वाटेवरचा उजी पूल लोकांनीं ठरल्याप्रमाणें १९४९ सालींच नवा केला; म्हणून अजूनहि पुलाची पाळी देवळाच्या चार वर्षें आधीं येते. एकदां तुटलेलें पुन्हा जोडतां येतें, हें ऐकून आम्हांस थोडा धीर आला.

दुपारीं नाइकूस गेलों. इसुझु नदीवर तो शंभर मीटर लांबीचा लांकडी पूल आहे. तो ओलांडून गेल्यावर दगडी उतरणीवरून नदीच्या पाण्यांत हात धुतां येतात. पाणी इतकें स्वच्छ कीं तळाचे गोटे मोजावे. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमाची आठवण झाली. पुढें प्रचंड वृक्षांमधून वाट जाते. हजारों माणसें चालत होतीं, पण खड्यांवर पडणाऱ्या पावलांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. शेवटीं दगडी पायऱ्या चढून दारापाशीं आलों. पायऱ्यांपासून पुढें छायाचित्र घेण्यास मनाई आहे. दारावर पांढरा पडदा; पडद्याआड कुंपण, आणि त्याच्याहि आंत कुंपण. देवळाचें गवती छपर आणि त्यावरील आडव्या ओंडक्यांचीं सोन्यानें मढविलेलीं टोंकें तेवढीं दिसतात. देवतेचें चिन्ह म्हणून पवित्र आरसा आंत आहे, पण तो कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. लोक दोनदां वांकतात, दोन टाळ्या वाजवितात, पुन्हा एकदां वांकतात, आणि बाजूस होतात.

खरें सांगावयाचें तर आमची निराशा झाली. आपल्याकडे दर्शन हाच यात्रेचा प्राण. पंढरीस आपण विठोबाच्या पायांवर डोकें ठेवतों. आणि येथें सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसास पडदा पाहून परतावयाचें! इतक्यांत वारा आला आणि पडदा हलला. आंत कांहीं दिसलें नाहीं. पण त्या क्षणीं आम्हांस अठ्ठावन्न वर्षांपूर्वींचें अंगण दिसलें. भिंत फाटलेली, पाटावर देव, आणि वडिलांचा थंडीनें कांपणारा पण स्वर न चुकणारा आवाज. घर अभंग राहिलें म्हणून कांहीं ती पूजा झाली नव्हती. घर फाटलेलें असतां ती झाली, कारण ती करूं जाणणारा माणूस जिवंत होता. वडिलांनीं ज्या घरांतून देव बाहेर आणले होते, त्याच घराला आम्ही देव समजून बसलों होतों.

परततांना उजी पुलाशीं थांबलों. पुलाच्या दोन्ही टोंकांस मोठे तोरिइ आहेत. मुलगा म्हणाला कीं, उतरविलेल्या देवळांचे आढ्याला आधार देणारे मोठे खांब येथें तोरिइ होऊन उभे राहतात. नाइकूचे आंतल्या बाजूस, गेकूचे बाहेरच्या. वीस वर्षें झालीं कीं तेच खांब पुढें कुवाना आणि सेकी या जुन्या वाटेवरील ठाण्यांत आणखी वीस वर्षें उभे राहतात. बाकीचें लांकूड देशांतील इतर देवस्थानांस वांटून देतात. आम्हीं त्या खांबावर हात ठेवला. लांकूड गुळगुळीत आणि उन्हानें कोमट झालेलें होतें.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आम्हींच म्हटलें, "आपल्या माजघराचे खांब वरच्या बाजूनें अजून चांगले आहेत."

तो चमकून आमच्याकडे पाहूं लागला.

आम्ही म्हणालों, "घर उतरवूं. नवें बांधूं. पण त्यांत पूजा कोण करणार? आमच्यामागें देव कोणाच्या हातीं द्यावयाचे?"

तो खालच्या आवाजांत म्हणाला, "अण्णा, तुम्ही मला कधी शिकवलंच नाही."

हें तो रागानें बोलला असता तर उत्तर देतां आलें असतें. पण तो नुसतें घडलेलें सांगत होता. चौथींत असतांना तो रोज सकाळीं आमच्याजवळ पाट घेऊन बसे आणि ओठ हलवी. आम्हींच त्यास उठविलें होतें. "शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली आहे, गणितें सोडव. हें काय, पुढें केव्हांहि येईल." तो शिष्यवृत्तींत आला, आम्हीं पेढे वांटले, आणि तें 'पुढें' कधीं आलेंच नाहीं. वर्गांत चाळीस मुलांकडून रामरक्षा पाठ करवून घेणाऱ्या मास्तरास घरच्या एका मुलाकडून दोन सूक्तें म्हणवून घेण्यास सवड झाली नाहीं. दोष काळाचा नव्हता, इंग्रजी शिक्षणाचा नव्हता, परदेशाचाहि नव्हता.

तेवढ्यांत नात म्हणाली, "मला शिकवा ना, आजोबा."

आम्ही गोंधळलों हें कबूल केलें पाहिजे. मुलीनें स्वरांसह सूक्तें म्हणावयाचीं, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या घरांत कोणाच्या मनांतहि आली नसती. पुण्यास ज्ञानप्रबोधिनीनें स्त्रियांस पौरोहित्य शिकविलें, हें आम्ही वाचीत आलों होतों, आणि चांगलें आहे असें म्हणतहि आलों होतों. परंतु दुसऱ्याच्या घरीं चांगलें असणें निराळें. मुलगा म्हणाला कीं, इसेस पूर्वीं कित्येक शतकें राजघराण्यांतील अविवाहित कन्या देवतेच्या सेवेस पाठवीत असत, आणि २०१७ पासून तेथील प्रमुखपदीं माजी राजकन्या सायाको कुरोदा या आहेत. आमच्या मनांत तेव्हां निराळेंच होतें. ज्या भिक्षुणींनीं परक्या देवाचें देऊळ उभें केलें, त्यांस कोणी अधिकार विचारीत बसला असता तर ती शेजारची जागा आजहि रिकामीच राहिली असती. वडील काय म्हणाले असते तें आम्हांस सांगतां येत नाहीं. आम्हीं नातीस "बरें" म्हटलें.

मार्गशीर्षांत आम्ही मलकापुरास परतलों, आणि फाल्गुनांत घर उतरविण्यास आरंभ झाला. गांवांतील एक वृद्ध सुतार आपल्या नातवास घेऊन आले. नातू हल्लींच्या पद्धतीचीं तयार फळ्यांचीं कपाटें करतो. खांब आणि तुळई यांचा सांधा सुटा झाला तेव्हां तो पोरगा आश्चर्यानें म्हणाला, "आबा, यात खिळाच नाही!" म्हाताऱ्यानें तो सांधा त्याच्याकडून दोनदां जोडविला आणि दोनदां सोडविला. माजघराच्या आठ खांबांपैकीं पांच चांगले निघाले. वाळवीनें खाल्लेले बुंधे कापून ते नव्या घराच्या ओसरीस आणि देवघरास लागावयाचे आहेत. तोंवर देव शेजाऱ्यांच्या एका खोलींत आहेत. ज्या दिवशीं त्यांस तिकडे नेलें त्या दिवशीं आम्हीं वडिलांचें जुनें उपरणें मुद्दाम काढलें होतें. छपर उतरतांना डोळ्यांस पाणी आलें नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल.

दर रविवारीं सकाळीं साडेसहा वाजतां, म्हणजे तिकडे दहा वाजतां, नात दूरध्वनीच्या पडद्यावर समोर येऊन बसते. आम्ही एक चरण म्हणतों, ती दोनदां म्हणते. 'ष' तिला जड जातो, आणि अनुदात्तावर मान खालीं घ्यावयाची ती वर घेते. चार महिन्यांत पुरुषसूक्ताच्या नऊ ऋचा झाल्या आहेत. गेल्या दोन रविवारांपासून तिच्यामागून आणखी एक जाडसर आवाज हळूच येतो. तो कोणाचा हें आम्हीं विचारलें नाहीं, पण चरण थोडा सावकाश म्हणूं लागलों आहों.

परवां सहज आगाशिवाची लेणीं पाहून आलों. तीं पूर्वींइतकींच सुंदर आहेत, आणि तीं जपलींच पाहिजेत. परंतु पुन्हा एखादी तुकडी घेऊन जाण्याचा योग आला, तर जुन्या वाक्यास पुढचें वाक्य जोडूं: "मुलांनो, दगडांत कोरलेलें टिकतें, पण कोणी शिकवील आणि कोणी शिकेल तेवढेंच जिवंत राहतें." ज्या वाचकांच्या घरीं एखादें स्तोत्र, एखादा कुलाचार, लोणच्याची एखादी रीत, किंवा हाताचें एखादें कसब एकाच वृद्ध माणसापाशीं उरलें असेल, त्यांनीं वास्तूच्या डागडुजीपूर्वीं त्या माणसाशेजारीं एक पाट मांडावा. आणि त्या पाटावर मूल येऊन बसलें, तर कोणत्याहि परीक्षेसाठीं त्यास उठवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.